कालवण पुरवून खाणारी मुलगी : एका घराचं प्रकरण

हे प्रकरण 2023-24 या शालेय वर्षातलं आहे. तेव्हा मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. ओळख पटू नये म्हणून वाडीचं नाव दिलेलं नाही, घरातले काही तपशील बदलले आहेत. दोन्ही मुलांना मी इथे थोरली आणि धाकटा म्हटलं आहे, त्यांच्या आजीला फक्त आजी. वजनाचे आणि रक्ताचे आकडे माझ्या त्या वर्षीच्या वहीतले आहेत.

पार्श्वभूमी

वाडीतली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेतलेली असते. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर भरतात आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे दोघांपैकी एकाला मागे राहता येत नाही. परत येणं एप्रिलच्या सुमारास, उन्हं तापल्यावर. मधले पाच-सहा महिने वाडीत म्हातारी माणसं, लेकरं आणि शेळ्या.

या घरातही तसंच. थोरली नऊ वर्षांची, चौथीत. धाकटा सात वर्षांचा, दुसरीत. आजी साठीच्या पुढची, गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशी करणारी. दीड एकर कोरडवाहू रान, दोन शेळ्या. आई-वडील कारखान्यावरून फोन करत आणि वाडीतल्या किराणा दुकानदाराच्या मोबाईलवर पैसे टाकत. दुकानदार आजीला हवं ते देई आणि वहीत मांडून ठेवी.

आजीबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण मी स्वतः ते फार उशिरा समजून घेतलं. बहात्तरच्या दुष्काळात ती दहा-अकरा वर्षांची होती. आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे मिळणारी सुकडी, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची न चावणारी भाकरी, एका तांब्या पाण्यासाठी केलेली चाल, हे सगळं तिला काल घडल्यासारखं आठवतं. अन्नाबद्दलची तिची सगळी समज त्या दोन वर्षांत घडली. पोट भाकरीने भरतं. कालवण फक्त भाकरी गिळायला, म्हणून ते पुरवून खायचं. परत मागायचं नाही. आणि घरात एक घोट दूध असेल तर ते लेकाला, कारण लेक जगला तर घर जगेल.

थोरली हुशार होती. परिसर अभ्यासाच्या चाचणीत ‘संतुलित आहार म्हणजे काय’ या प्रश्नाला तिने पैकीच्या पैकी गुण मिळवले. कडधान्यं, पालेभाज्या, दूध, फळं, सगळं ओळीने लिहिलं होतं. त्याच आठवड्यात ती दोनदा दुपारच्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपली.

अडचण कशी लक्षात आली

नोव्हेंबरअखेर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं. थोरलीचं हिमोग्लोबिन 8.9 भरलं, म्हणजे 100 मिलिलीटर रक्तात 8.9 ग्रॅम. 5 ते 11 वर्षांच्या मुलांत ते 11.5 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, आणि 8 ते 10.9 म्हणजे मध्यम रक्तक्षय. वजन साडेवीस किलो. धाकट्याचं वजन साडेसतरा, पुढचे दात काळे पडलेले. प्राथमिक आरोग्य केंद्रातून थोरलीला जंताची गोळी मिळाली आणि दोन महिन्यांसाठी लोहाच्या रोजच्या गोळ्या मिळाल्या.

तोवर मला वाटत होतं की निदान शाळेतलं जेवण तरी तिच्या पोटात जातंय. प्राथमिक वर्गांसाठी पोषण आहाराच्या ताटाचं माप ठरलेलं आहे : 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण 23 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ताटातलं सगळं खाल्लं तर प्रथिनांची निम्मी गरज शाळेतच भागते.

मी चार दिवस तिच्या शेजारी बसून जेवले. मटकीची उसळ वाढताना ती दोन्ही वेळा हात आडवा धरायची. “थोडीच द्या मावशी.” भात मात्र दोनदा घ्यायची. त्या भाताला ती उसळीचा नुसता रस लावायची आणि तळाची मटकी शेवटपर्यंत ताटाच्या कडेला ठेवायची. कधी खायची, कधी शेजारणीला द्यायची. आवडत नाही का, असं विचारलं तर म्हणाली, “आवडती की. पण कालवण पुरवून खावं मॅडम. लई घेतलं की हावरट म्हणत्यात.”

शाळेत पातेलं भरून उसळ होती. तिला कुणी हावरट म्हटलं नसतं. पण तिच्या डोक्यात घरचं पातेलं होतं, आणि त्या पातेल्याचा नियम ती शाळेत घेऊन आली होती. पैकीच्या पैकी गुण मिळवणारं उत्तर तिला पाठ होतं, पण ताटावर बसली की ते तिच्या कामाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चौथीच्या सगळ्या मुलांना घरातल्या प्रत्येकाच्या ताटाचं चित्र काढायला सांगितलं. थोरलीने आजीच्या ताटात भाकरी, ठेचा आणि कांदा काढला. धाकट्याच्या ताटात दुधाची वाटी आणि बिस्किटाचा पुडा. स्वतःच्या ताटात भाकरी आणि कपभर कोरा चहा. वडिलांचं ताट सगळ्यांत मोठं. आईचं ताटच नव्हतं. विचारलं तर म्हणाली, “आईला ताट नसतं. ती फडात हातावर भाकरी घेऊन खाती, मोळी बांधता बांधता.” सुट्टीत ती एकदा उसाच्या फडावर जाऊन आली होती, तेव्हाचं बघितलेलं.

त्या चित्रात मला बरंच दिसलं. आमच्या पुस्तकात आहाराचं चित्र म्हणजे एक ताट आणि त्यात सगळं. तिच्या समजुतीत ताट माणसामाणसाचं वेगळं असतं आणि दूध हा पदार्थच मुळात भावाचा.

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापक सर, आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर आणि मी असे तिघे बसलो.

सिस्टरांचं म्हणणं, आधी गोळ्या नीट सुरू राहू देत. बरोबर होतं, पण अपुरं वाटत होतं. दोन महिन्यांनी गोळ्या संपल्यावर ताट तेच राहणार.

आईला बोलावून घ्यावं, असं सरांच्या मनात आलं. मी फोन केला. ती रडली. म्हणाली, खाडा झाला की पैसे कापतात, आणि एकटा माणूस कोयता चालवू शकत नाही. उचल फिटेपर्यंत येता येणार नाही. तो विचार तिथेच संपला. वडिलांनी उलट सुचवलं, पोरीला इकडेच पाठवा. मी ठाम नाही म्हणाले. फडावर पोचलेली नऊ वर्षांची मुलगी पाणी भरते, कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, स्वयंपाक करते आणि लहान भावंडं सांभाळते. तिची शाळा तिथेच सुटते. आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा विचारही झाला, पण त्या वर्षी आमच्या वाडीत त्यासाठी पुरेशी मुलं मागे राहिलेली नव्हती.

मग उरली ती आजी. पण आजीशी बोलायचं कसं, यावर आम्ही अजिबात विचार केला नाही. ती गोष्ट आम्हाला पुढे महागात पडली.

पहिलं पाऊल आणि त्यात झालेली चूक

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पालक सभा घेतली. पालक म्हणजे आज्या आणि दोन-तीन आजोबाच. फळ्यावर संतुलित आहाराचा तक्ता काढला, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं समजावली. बोलण्याच्या भरात म्हणून गेले, “काही घरांत मुलाला दूध मिळतं आणि मुलीला कोरा चहा. असं करू नका.” नाव घेतलं नव्हतं. पण वाडी चाळीस-पन्नास उंबऱ्यांची. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

आजी काही बोलली नाही. पदर सावरून उठली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून सहा दिवस थोरली शाळेत आली नाही. आली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती. नंतर कळलं, आजीने तिला एवढंच विचारलं होतं : “घरातलं भायेर सांगतीस व्हय गं?”

त्या सहा दिवसांची जबाबदारी माझी आहे. मुलीने विश्वासाने काढलेलं चित्र मी गावासमोर मांडलं. आजीचंही मी ऐकून घेतलं नव्हतं. जिने सुकडीवर दिवस काढले, तिला मी तक्ता काढून आहार शिकवायला निघाले होते.

गोळ्यांचं काय झालं

महिन्याभराने, डिसेंबरच्या शेवटी सिस्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. 9.2. महिन्यात निदान 1 ग्रॅमची वाढ अपेक्षित असते. ती न दिसल्यास पुढच्या रुग्णालयात पाठवावं, असा नियम आहे. सिस्टर चिठ्ठी लिहायलाच बसल्या होत्या.

मी विचारलं, गोळी घेते कधी? थोरली म्हणाली, सकाळी चहासंगं. आणि तीसुद्धा नऊच दिवस घेतली होती. दहाव्या दिवशी शौचाला काळं झालं म्हणून आजीने पाकीट फडताळावर ठेवून दिलं. आजीच्या जागी मी असते तरी घाबरले असते. पोरीला बरं करायला दिलेल्या गोळीने पोटातून काळं पडू लागलं, तर कोण देईल? लोहाच्या गोळीने शौच काळी होते आणि त्यात भिण्यासारखं काही नाही, हे एक वाक्य तिला कुणीच सांगितलं नव्हतं. आरोग्य केंद्रात गर्दी होती, आणि आम्ही गृहीत धरलं होतं. चहाचंही तसंच. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगात मुरू देत नाहीत. कोऱ्या चहाबरोबर घेतलेली गोळी बरीचशी वायाच जाते.

इथे निर्णय घ्यायचा होता. चिठ्ठी घेऊन तालुक्याला पाठवायचं की गोळ्या नीट देऊन आणखी तीन आठवडे बघायचं? सिस्टरांनी थोरलीला पुन्हा तपासलं. धाप लागत नव्हती, ताप नव्हता, पायावर सूज नव्हती. वाट पाहायचं ठरलं, पण एका अटीवर : गोळी शाळेतच, जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, माझ्यासमोर.

यातून माझी आणखी एक चूक उघडी पडली. शाळेत 5 ते 9 वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी लोहगोळी देतात. ती मी सोमवारी परिपाठ झाला की वाटून टाकायचे, कारण तेव्हा सगळे रांगेत असतात. बरीच मुलं घरून रिकाम्या पोटी येत. त्यांना मळमळायचं. नळाशेजारच्या भिंतीच्या भेगेत मला मूठभर गुलाबी गोळ्या सापडल्या. माझ्या सोयीसाठी निवडलेल्या वेळेमुळे मुलांनी ठरवून टाकलं होतं की गोळी वाईट असते. पुढच्या सोमवारपासून गोळी खिचडी खाऊन झाल्यावर, असं केलं.

आजीपर्यंत पोचलेली वाट

ती मी शोधली नाही. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी आजीच्या भावकीतल्या. सभेनंतर त्या मला म्हणाल्या, “मॅडम, म्हातारीला शिकवू नका. तिला कामाला लावा.”

मावशींनी आजीला निरोप धाडला : मटकी निवडायची आहे, डोळ्याला दिसत नाही, जरा ये. आजी आली. दोघी शाळेच्या ओट्यावर बसून निवडत राहिल्या. मावशींनी मुद्दाम आहाराचा विषय काढला नाही. आजी आठवड्यातून दोन-तीनदा येऊ लागली, आणि जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की उसळीचं पातेलं रिकामं होत नाही, मुलं दुसऱ्यांदा मागतात आणि कुणी कुणाला हावरट म्हणत नाही. एक दिवस तिची नात पुन्हा हात आडवा धरताना तिला दिसली. आजी बसल्या जागेवरून म्हणाली, “घे की माय. हितं काय तोटा हाय?”

मी महिनाभर जे सांगत होते, ते आजीच्या या एका वाक्याने झालं. थोरलीने त्या दिवशी दोन डाव उसळ घेतली. नियम ज्या तोंडातून आला होता, त्याच तोंडाने तो मोडायला परवानगी दिली.

पुढची गोष्ट हरभऱ्याची. थंडीत हरभऱ्याचे शेंडे खुडायचे दिवस असतात. आजीने ओटीत शेंडे भरून आणले आणि मावशींना म्हणाली, तुमची ती पिवळी खिचडी लेकरं किती दिस खातील. त्यांनी डाळ घालून हरभऱ्याची भाजी केली. मग करडईची. मग तांदुळजा. हळूहळू माझ्या लक्षात आलं की या बाईला रानातल्या कमीत कमी पंधरा भाज्या ओळखता येतात, कोणती कोवळी खुडायची आणि कोणतीचं पाणी काढून टाकायचं हे माहीत आहे. दुष्काळाने तिला फक्त पुरवून खाणं शिकवलं नव्हतं, हेही शिकवलं होतं. पण तिच्या घरात या भाज्या शिजत नव्हत्या. का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “गरिबीची भाजी ती. लेकाच्या पैशावर लेकरांनी दुकानातलं खावं.” आपण जे खाऊन जगलो ते नातवंडांना खायला लागू नये, हीच तिच्या दृष्टीने प्रगती होती. मला हे ऐकून गलबलून आलं. चुकीच्या आहाराची मुळं आपण अज्ञानात शोधतो. इथे ती मायेत होती.

जानेवारीत येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली. आमच्या भागात या दिवशी शेतात जाऊन भज्जी आणि अंबिल करतात. भज्जीत हिरवी तूर, हरभरा, वाल, पालेभाज्या, बेसन असं मिळेल ते सगळं पडतं. आजीने मला आणि मावशींना रानात बोलावलं. जेवताना मी म्हटलं, आजी, माझ्या तक्त्यातलं सगळं या एका पातेल्यात आहे. ती हसली. सभेनंतर पहिल्यांदा.

‘उष्ण पडतं’ याचा उलगडा

लोहासाठी तीळ-गुळाची वडी आणि शेंगदाणे रोज द्या, असं सिस्टरांनी सुचवलं. आजी धाकट्याला देई, थोरलीला नाही. कारण विचारलं तर म्हणे, उष्ण पडतं. मला वाटलं हाही मुलगा-मुलगी भेदच. मावशींनी आडून सांगितलं ते वेगळं होतं. उष्ण खाल्लं की पोरीला लवकर न्हाण येतं, म्हणजे पाळी सुरू होते, असं आजी मानत होती. आणि पोरीची आई इथे नाही. न्हाण आलं की पाहुणे विचारू लागतात, बाप उचलीच्या ओझ्याखाली कुठेतरी हो म्हणून बसतो. आजीचं स्वतःचं लग्न तेराव्या वर्षी झालेलं. तिळाची वडी अडवून ती नातीचं बालपण राखत होती.

आता उत्तर काय द्यायचं? ‘सगळं खोटं आहे’ म्हणणं सोपं होतं, आणि तेही पूर्ण खरं नाही. चांगल्या पोसलेल्या मुलींना पाळी कुपोषित मुलींपेक्षा सर्वसाधारणपणे लवकर येते. आजीने आयुष्यभर पाहिलेल्यात तेवढा धागा होता. सिस्टरांनी हे लपवलं नाही. त्या म्हणाल्या, आजी, तिळाच्या एका वडीने काही होत नाही. वर्षानुवर्षं उपाशी ठेवली तर पाळी लांबते, पण तसंच पोरीचं हाड, उंची, रक्त सगळं खुंटतं, आणि पुढे बाळंतपणात जीव जातो. लग्न अडवायचं असेल तर कायदा आहे, शाळा आहे, आम्ही आहोत. उपाशी ठेवून ते अडत नाही.

आजीने लगेच मान्य केलं असं नाही. पण संक्रांत आली होती, थंडी होती, आणि थंडीत उष्ण चालतं हा तिचाच नियम. त्या आधाराने वडी सुरू झाली. उन्हाळ्यात बंद झाली, आणि आम्ही ताणलं नाही.

चहा, दूध आणि अंडं

चहा सुटला नाही. सकाळी चहात भाकरी कुस्करून खाणं ही त्या घराची न्याहारीच होती. तडजोड एवढी झाली की भाकरी रात्रीच्या वरणात कुस्करायची, वर लिंबू पिळायचं, आणि चहा शेळ्या सोडून आल्यावर. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने डाळ-भाकरीतलं लोह अंगी जास्त लागतं. दुधाची वाटी फेब्रुवारीत एक शेळी व्यायली तेव्हा दोघांत वाटली गेली. त्याचं श्रेय मला घेता येणार नाही, दूध वाढलं म्हणून ते वाटलं गेलं. एकच वाटी असती तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे.

नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं देण्याचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. धाकट्याला अंडं हवं होतं. शाळेत गुपचूप दिलं असतं तर आजीला कळलंही नसतं. मावशी तयार होत्या. मी नाही म्हटलं. मुलाला अंड्यापेक्षा घर आणि शाळा यांच्यामधला विश्वास जास्त गरजेचा आहे, असं मला वाटलं. वडिलांना फोन करून विचारलं, ते म्हणाले, आईला विचारा. आजी म्हणाली, माझ्या चुलीवर नाही. त्याचा अर्थ शाळेतही नाही, असाच मी लावला. त्या निर्णयाबद्दल अजूनही माझं मन दुभंगलेलं आहे. वजनाने मागे असलेल्या मुलाला दर आठवड्याला एक अंडं मिळू शकत होतं. पुढे जानेवारी 2025 मध्ये अंड्यांसाठीचा शासकीय निधीच थांबला, तेव्हा हा प्रश्न वेगळ्याच पद्धतीने मिटला.

धाकट्याच्या बाबतीत अपयश

धाकटा दिवसाला पाच रुपयांचे तीन-चार पुडे खायचा. कुरकुरीत, खारट, रंगीत. खिचडी बघून तोंड फिरवायचा. आई दर रविवारी फोनवर पहिलं वाक्य हेच बोलायची, “दुकानातून खाऊ घे बाळा.” शेकडो किलोमीटरवरून लेकराला कुशीत घेण्याचा तिच्याजवळ तेवढाच मार्ग होता. रोजचे पंधरा-वीस रुपये म्हणजे महिन्याला पाचशेच्या आसपास. तेवढ्यात फुटाणे, शेंगदाणे, गूळ आणि केळी महिनाभर पुरली असती.

मी दुकानदाराला भेटले. तो माणूस वाईट नाही. म्हणाला, मी नाही दिलं तर पोरगं दुसऱ्या वाडीवर जाईल. त्याने फुटाण्यांच्या पुड्या बांधून ठेवायचं कबूल केलं आणि ठेवल्याही. धाकट्याने त्या चार दिवस घेतल्या, पाचव्या दिवशी सोडल्या. आईला मी सांगून पाहिलं की फोनवर ‘खाऊ घे’ऐवजी ‘आज काय खाल्लंस’ असं विचार. तिने प्रयत्न केला, मग म्हणाली, “त्येवढंच तर देता येतं मॅडम मला.” त्यापुढे मी बोलू शकले नाही. वर्षाच्या शेवटी पुडे चारावरून दोनावर आले. दात तसेच.

शेवटी काय झालं

थोरलीचं हिमोग्लोबिन जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात 10.4 आणि मार्चमध्ये 11.3 झालं. रेषेच्या अजूनही थोडं खाली. वजन 22 किलो. दुपारी झोपणं थांबलं. धाकट्याच्या वजनात अर्धा किलोची भर. एप्रिलमध्ये आई-वडील परतले तेव्हा वडिलांनी येताना बिस्किटांचं अख्खं खोकं आणलं होतं. आजीने ते उतरंडीमागे ठेवून रोज दोन-दोन मोजून दिली. पुरवून.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी वेळ. मी सभा डिसेंबरात घेतली, टोळ्या गेल्यावर. ती दसऱ्याआधी हवी होती, आई-वडील वाडीत असताना. दुकानात पैसे कसे टाकायचे, काय घेऊ द्यायचं, दूध कसं वाटायचं हे निघण्याआधी घरात ठरलं असतं तर आजीवर सगळा भार आला नसता. रक्ताची तपासणीही तेव्हाच मागून घ्यायला हवी होती.

मुलांनी काढलेली ताटं मी सभेत वापरायला नको होती. ती बघून मी गप्प राहून घरी गेले असते, चुलीपाशी बसले असते, तर सहा दिवस वाचले असते. आता मी हे चित्र दर वर्षी काढून घेते, पण ते माझ्याच कपाटात राहतं.

गोळ्यांच्या पाकिटासोबत तीन गोष्टी तोंडी सांगायच्या : जेवणानंतर घ्या, चहासोबत नको, शौच काळी होईल. आमच्या सिस्टर आता हे प्रत्येक घरी सांगतात, आणि मुलांकडून पुन्हा म्हणवून घेतात.

धाकट्याकडे मी उशिरा वळले. थोरलीचा आकडा लाल होता म्हणून सगळं लक्ष तिकडे गेलं. ‘दूध मिळणारा’ मुलगा म्हणजे बरा असणारा, असं मीच धरून चालले होते. लाडाने दिलेलं खाणं त्यालाही कमीच पोसत होतं.

थोरली जूनमध्ये पाचवीला तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावातल्या शाळेत गेली. तिथल्या सरांना मी तिची वही दिली. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या शाळेत सभा ठेवली, तेव्हा तिची आई आली होती. फळ्यावर तक्ता नव्हता. ओट्यावर मावशी आणि आजी मटकी निवडत बसल्या होत्या, बायका त्यांच्याभोवती.